टबमधलं ओर्योल

कार्डिफमधल्या त्या घरात राहायला गेले त्या संध्याकाळी मी हातपाय धुवायला बाथरूमचं दार उघडलं आणि किंचाळले. टब काठोकाठ भरलेला होता आणि त्यात हातभर लांबीचं एक पांढरं जहाज सगळे दिवे लावून संथपणे तरंगत होतं. बाजूवर लाल क्रॉस, मधोमध हिरवा पट्टा, आणि इवल्याइवल्या खिडक्यांतून पिवळा उजेड.

खालून घरमालकांचा आवाज आला, "घाबरू नकोस गं. ओर्योल आहे."

एवढा खुलासा कुणालाही पुरेल अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. मी ओल्या जमिनीवर तशीच उभी राहिले. पुण्याहून निघताना आईने सांगितलं होतं, घरमालक आपल्याकडचे आहेत, मिरजेचे, रिटायर्ड डॉक्टर, एकटेच असतात, काही काळजी नाही. बाथरूममध्ये आरमार असतं हे तिला कुणी सांगितलं नसावं.

मी तेव्हा तिथल्या हॉस्पिटलात भूल द्यायचं शिकत होते, आणि घरमालक, म्हणजे काका, त्याच कामात जन्म घालवून निवृत्त झालेले. त्यामुळे जेवताना आमच्या गप्पा रंगतील असं मला वाटलं होतं. रंगल्याही, पण सगळ्या समुद्रावरच. काकांना रशियन आरमाराच्या हॉस्पिटल जहाजांचं वेड होतं. ब्रिटिश, अमेरिकन, जर्मन जहाजं त्यांना वर्ज्य होती. टोस्टला लोणी लावता लावता ते विचारायचे, "पोर्तुगाल कसं बुडालं माहितीये?" मला वाटायचं, देश बुडाला की काय. मग कळायचं की पोर्तुगाल हे पहिल्या महायुद्धातलं रशियाचं हॉस्पिटल जहाज. काळ्या समुद्रात जखमींना आणायला छोट्या होड्या मागे बांधून चाललं होतं. एका होडीत पाणी शिरलं म्हणून थांबलं, आणि भर दिवसा, लाल क्रॉस दिसत असताना, पाणबुडीने त्याच्यावर पाणतीर सोडला. आतल्या नर्सेस बुडाल्या. एवढं सांगून काका म्हणायचे, "मार्मालेड दे."

दुसऱ्या महायुद्धातल्या आर्मेनियाबद्दल बोलताना तर त्यांचा आवाज चढायचा. क्रिमियातली हॉस्पिटलंच्या हॉस्पिटलं तिच्यात भरून चालली होती, डॉक्टर, जखमी, बायकापोरं. विमानाने बुडवली. हजारो माणसं गेली आणि हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी वाचली. "तिच्यावर क्रॉस होता आणि तोफाही होत्या," काका टेबलावर बोट आपटत म्हणायचे. "दोन्ही कसं चालेल? एक काहीतरी ठरवा!" मी भेदरून म्हणायचे, "हो काका." जणू काही तोफा मीच बसवल्या होत्या.

अगदी अलीकडची, पोलंडमध्ये बांधून घेतलेली मोठी जहाजंही त्यांना पाठ होती. येनिसेइ, स्विर, इर्तिश. कुठल्या डेकवर ऑपरेशन थिएटर आहे, हेलिकॉप्टर कुठे उतरतं, सगळं. स्वतः एकाही जहाजावर त्यांनी पाऊल ठेवलेलं नव्हतं. त्यांना बोट लागायची.

आंघोळीचा नियम असा होता की ओर्योल दोन्ही हातांनी उचलायचं, टॉवेलावर ठेवायचं, आंघोळ झाली की परत पाण्यात सोडायचं. मात्र दिवे बंद करायचे नाहीत. "हॉस्पिटल जहाज लपत नाही," हे त्यांचं वाक्य मी त्या घरात इतक्यांदा ऐकलं की झोपेतही म्हटलं असेन.

हे वाक्य ते जगतही होते, हा खरा घोटाळा होता. घराला त्यांनी पांढरा रंग दिला होता आणि त्यावर, कमरेच्या उंचीला, आडवा हिरवा पट्टा. अंधार पडला की प्रत्येक खोलीतला दिवा लागायचा आणि एकही पडदा ओढलेला नसायचा. शेजारच्या वेल्श बाई मला बिन्स बाहेर ठेवताना म्हणाल्या, "लव्ह, तुमच्याकडे ख्रिसमस संपतच नाही का?"

काकांना काहीही लपवता येत नसे. एकदा त्यांनी रीसायकलिंगच्या पिशवीत चुकून चहाची पावडर टाकली आणि कौन्सिलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, फोन करून स्वतःचीच तक्रार नोंदवली. पलीकडची मुलगी बिचारी विचारत राहिली, "सर, तुम्हाला नक्की काय हवंय?" काका म्हणाले, "काही नको. तुम्हाला कळायला हवं." दुसऱ्यांदा, सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये त्यांच्या हातून कुणाच्या तरी गाडीला ओरखडा पडला, तर हे त्या गाडीला पाठ लावून पावसात उभे. मालकीणबाई आल्या, ओरखडा पाहिला आणि म्हणाल्या, "हा जुनाच आहे." काकांचा विश्वास बसेना. बाईंनाच त्यांची समजूत घालावी लागली. मी आइस्क्रीमची पिशवी धरून अवाक् उभी. आइस्क्रीमचं केव्हाच सूप झालं होतं.

आता हे सगळं गमतीचं वाटतं, पण या स्वभावाने काकांचं एक माणूस गेलेलं होतं, आणि ते माणूस दोनच गल्ल्या पलीकडे राहत होतं.

त्यांचा धाकटा भाऊ. मराठी मंडळात दोघांना थोरले डॉक्टर आणि धाकटे डॉक्टर म्हणत. थोरले भूल द्यायचे, धाकटे सर्जन. दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं, आणि मंडळाने त्यावर असा काही तोडगा काढला होता की ऐकून मी हसावं की रडावं ते कळेना. चर्चच्या हॉलमध्ये गणपती बसायचा, तेव्हा सकाळची आरती थोरल्यांची आणि संध्याकाळची धाकट्यांची. थोरले दुपारी घरी जात, मग धाकटे येत. नव्या कमिटीला हॉलच्या किल्ल्या कुठे असतात आणि केटरर कोण, याबरोबर हेही सांगितलं जाई.

भांडण कशावरून ते मला मंडळाच्या सेक्रेटरीबाईंनी गाडीत सांगितलं. राउंडअबाउटवर त्यांनी असा काही वळसा घेतला की आम्ही दोनदा फिरलो, आणि मला त्याचं भानच नव्हतं.

दोघे भाऊ एकाच थिएटरमध्ये काम करत होते. पेशंट म्हातारा वेल्श माणूस, साधं हर्नियाचं ऑपरेशन. धाकट्यांनी चुकीच्या बाजूला कापलं. लक्षात आलं, ते शिवलं, मग योग्य बाजू केली. पेशंटला इजा अशी काही नाही, फक्त दोन जखमा. धाकटे म्हणाले, "दोन्ही बाजूंना होता असं लिहूया." थोरले काहीच बोलले नाहीत. धाकट्यांना वाटलं, दादाला पटलं. पेशंटला रिकव्हरीत नेलं, थोरले सोबत गेले, म्हाताऱ्याने डोळे उघडले, आणि यांनी त्याच्या कानाशी वाकून, स्वच्छ इंग्रजीत सांगून टाकलं की आमच्याकडून आधी चुकीची बाजू कापली गेली, माफ करा.

"धाकट्यांनी अजून गाऊनसुद्धा काढला नव्हता हो," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "ते बाहेर आले तर वॉर्ड सिस्टर, मॅनेजर, सगळे उभे. फुल इन्क्वायरी झाली. काही महिने घरी बसवलं, मग क्लिअर केलं, परत ये म्हणाले. पण त्यांनी पुन्हा नाइफ हातात घेतलाच नाही. स्टुडंट्सना अ‍ॅनाटमी शिकवली रिटायर होईपर्यंत."

मी हादरले. माझ्याच कामाची गोष्ट होती ती. आज असं झालं तर पेशंटला सांगायचं हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात, त्यामुळे काकांचं चुकलं असं म्हणायला जीभ रेटेना. आणि तरीही त्यांच्या हातच्या वरणभाताचं ताट त्या दिवशी मी बाजूला सारलं. सख्खा भाऊ! मी न राहवून विचारलं, "काका, तुम्हाला कधी वाईट वाटलं नाही?"

त्यांनी मला कुणी सांगितलं असं विचारलं नाही, रागावलेही नाहीत. उठून वर गेले, टबमधून ओर्योल घेऊन आले आणि पाणी गळतं ते जहाज जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवलं.

मिरजेला लहानपणी गावात रशियन पुस्तकांची गाडी यायची, ते सांगू लागले. वडिलांनी त्यातून जहाजांचं एक मोठं चित्रांचं पुस्तक आणलं. दोघा भावांनी जहाजं वाटून घेतली. पांढरी थोरल्याची, तोफावाली धाकट्याची. मागच्या अंगणातल्या हौदात लढाया व्हायच्या. वडील हॉस्पिटलात कंपाउंडर होते, त्यामुळे औषधांच्या रिकाम्या खोक्यांची ददात नव्हती.

सगळ्यात आवडती लढाई त्सुशिमाची. रशियन ताफा अर्ध्या जगाला वळसा घालून जपानजवळ पोचला होता. काळोखात, दिवे मालवून, गुपचूप सामुद्रधुनी ओलांडायची होती. सगळ्यांनी दिवे मालवले. पण ताफ्याबरोबर हॉस्पिटल जहाज होतं, ओर्योल. त्याने नियमाप्रमाणे सगळे दिवे लावून ठेवले होते. जपान्यांच्या टेहळ्या जहाजाला तो उजेड दिसला, ते जवळ आलं, आणि मागोमाग अख्खा ताफा सापडला. दुसऱ्या दिवसापर्यंत बहुतेक सगळा तळाला गेला होता.

"हौदापाशी आलं की धाकटा रडकुंडीला यायचा," काका म्हणाले. "दादा, दिवे मालव ना, एकदाच मालव ना, म्हणायचा. मी काडेपेटीत मेणबत्तीचा तुकडा लावलेला असायचा. मी म्हणायचो, नियम आहे."

"आणि मग?"

"मग काय. त्याची सगळी बुडायची."

टेबलावर पाण्याचं थारोळं झालं होतं. मी फडकं आणून ते पुसून घेतलं.

त्याच उन्हाळ्यात बातमी आली की धाकटे डॉक्टर कार्डिफ सोडून कायमचे मिरजेला चाललेत. बायको गेल्यापासून त्यांचं इथे मन लागत नव्हतं. घर विकलं होतं, गणपती झाले की निघणार होते. त्यांची मुलगी, इथेच जन्मलेली, शाळेत शिकवणारी, काकांना हे सांगायला आली. दोन्ही घरांत जाणारं तेवढंच एक माणूस होतं. ती कोट न काढताच म्हणाली, "मोठे काका, बाबा जातोय. फॉर गुड. मी त्याला सांगितला की एकदा मोठ्या काकाशी बोल. तो काहीच नाही बोलली... बोलला. तुम्ही ट्राय करा ना. प्लीज. दिस इज इट, यू नो."

काका म्हणाले, "बरं." ती गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "यंदा देखावा कोण करतंय?"

मला वाटलं, या माणसाचं डोकं ठिकाणावर नाही. भाऊ जन्माचा चाललाय आणि यांना देखाव्याची पडलीय! पण त्यांनी खरंच मंडळाला फोन लावला. कमिटीची मीटिंग भरली तेव्हा मीही होते. काकांनी जाहीर केलं की यंदा बाप्पापुढे त्सुशिमाचा देखावा.

सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "काका, रशियन नेव्ही? आत्ता? तुम्ही न्यूज बघता ना? कौन्सिलरना इन्व्हाइट केलंय आपण!"

"झेंडा लावणार नाही," काका म्हणाले. "फक्त क्रॉस. आणि ही हार आहे, विजय नाही. हरलेल्यांचा देखावा कुणी करत नाही. आपण करू."

कसं कोण जाणे, परवानगी मिळाली. बहुधा नाही म्हटलं तर काका किती वेळ बोलतील याची सगळ्यांना कल्पना होती. पुढचे काही आठवडे आमच्या घरात निळं सॅटिन, थर्माकोल आणि काळा रंग एवढंच होतं. माझ्या स्क्रब्जला, म्हणजे थिएटरच्या कपड्यांना, काळे डाग पडले. वॉर्डमधल्या एका पेशंटने मला विचारलं, तुम्ही पार्टटाइम पेंटिंग करता का.

गणपतीच्या सकाळी हॉल भरला. आरती झाली. काका माइक हातात घेऊन देखाव्याच्या पडद्यापाशी उभे होते, तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि धाकटे डॉक्टर आत आले. सकाळी! सेक्रेटरीबाईंच्या हातातलं प्रसादाचं तबक तिरकं झालं आणि खिरापत सांडली. कुणी उचलायला वाकलं नाही. धाकटे शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसले. मुलगी शेजारी उभी राहिली. काकांनी त्यांना पाहिलं, मला माहीत आहे, कारण माइकमधून त्यांचा श्वास ऐकू आला.

दिवे गेले. पडदा सरकला. निळ्या सॅटिनवर काळ्या जहाजांची रांग होती, अंधारात जेमतेम जाणवणारी, आणि तिच्या टोकाला आमच्या टबमधलं ओर्योल झगमगत होतं. वर बाप्पा, त्यांच्या मुकुटावर त्याचाच उजेड. पोरांनी "वॉव" केलं. काका सांगू लागले. मिरजेच्या हौदापाशी सांगितलं असेल तसंच, जरा घाईने, जरा रेकून. काळोख, सामुद्रधुनी, मालवलेले दिवे. मग ओर्योलपाशी आले आणि अडले. त्यांना ती गोष्ट झोपेतून उठवलं तरी सांगता आली असती, आणि ते माइक धरून गप्प उभे.

"दिवे लावायचा नियम होता," ते शेवटी म्हणाले. "ओर्योलने नियम पाळला. आपलीच माणसं बुडाली." पुन्हा थांबले. "मी आजवर विचारलं नाही. आता विचारतो. दिवे लावले ते चुकलं का?"

हॉलमधल्या प्रत्येक मराठी माणसाला कळलं होतं की हा प्रश्न कुणाला आहे. खुर्ची करकरली.

"दिवे लावलेस ते चुकलं नाही, दादा," अंधारातून धाकट्यांचा आवाज आला. शांत, म्हाताऱ्या माणसाचा. "मला आधी का नाही सांगितलंस?"

काका म्हणाले, "तू म्हणालास, दोन्ही बाजू लिहू."

"म्हणालो. घाबरलो होतो. ग्लोव्ह्जसुद्धा होते हातात माझ्या. तू हो म्हणाला नाहीस, नाही म्हणाला नाहीस. सरळ निघून गेलास. मला म्हणाला असतास, की धाकट्या, मी सांगायला चाललोय, तर मी आलो असतो की रे तुझ्याबरोबर. मीच सांगितलं असतं त्याला." त्यांचा आवाज फाटला. "सगळ्यांना वाटतं तू मला पकडून दिलंस म्हणून मी रागावलो. मला खरं बोलायची संधी होती, दादा. ती तू घेऊन गेलास."

एवढ्या वर्षांत हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सेक्रेटरीबाईंच्या नाही, माझ्या नाही. काकांच्या तर नाहीच. त्यांचा तेव्हाचा चेहरा मला अजून दिसतो. ज्याला कधीच काही लपवता आलं नाही त्या माणसाने आपल्या भावापासून ते चार शब्द लपवले होते, आणि त्याचा त्याला पत्ता नव्हता.

तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या कौन्सिलरसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, नाटक संपलं. "मार्व्हलस," ते म्हणाले. कुणी त्यांना थांबवलं नाही. मी तर रडत होते.

धाकटे खुर्च्यांना धरत धरत पुढे आले. देखाव्यापाशी वाकले. ते भावाला काही बोलतील म्हणून सगळे जीव मुठीत धरून बसलेले, आणि ते म्हणाले, "माझं ओर्योल कुठाय?"

मला कळेना. मग काकांनी काळ्या रांगेतल्या एका जहाजाकडे बोट दाखवलं. त्या ताफ्यात ओर्योल नावाची दोन जहाजं होती, एक हॉस्पिटलचं आणि एक युद्धनौका. एकाच थिएटरमध्ये एकाच आडनावाचे दोन डॉक्टर असावेत तशी. हे मला इतक्या महिन्यांत त्यांनी सांगितलं नव्हतं.

"हे बुडालं नव्हतं," धाकटे म्हणाले.

"नाही. दोन्ही वाचली. दोन्ही पकडली गेली, पण वाचली."

"मग हौदात का बुडवायचास रे?"

काकांनी माइक खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी भावाचा हात धरला. माइक चालूच होता, त्यामुळे पुढचा हुंदका कुणाचा ते हॉलमध्ये कुणालाच सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीत आरडाओरडा ऐकून मी खिडकीशी धावले. काका मफलर गुंडाळून रस्त्याच्या मधोमध चालत होते आणि ओरडत होते, "धाकट्या! मी येतोय रे! चहा टाक!" अजून दोन गल्ल्या जायच्या होत्या. खिडक्या उघडत होत्या. शेजारच्या वेल्श बाई ड्रेसिंग गाऊनमध्ये दारात येऊन माझ्याकडे वर बघत होत्या. बेल वाजण्याआधीच कळावं म्हणून की काय कोण जाणे, पण त्या दिवसापासून काका कुठेही असेच जायचे, आधी हाका मारत.

धाकट्यांचं तिकीट बदललं नाही. त्यांच्या जाण्याच्या आदल्या आठवड्यात मी ड्यूटीवरून आले, बूट काढतेय तोवर काका स्वयंपाकघरातून आले. ते जिन्याचा कठडा धरून उभे राहिले.

"बस जरा. मी घर विकतोय. मिरजेला जातोय, त्याच्या मागोमाग. अजून एजंटला सांगितलेलं नाही. कमिटीला नाही. धाकट्यालासुद्धा नाही. पहिलं तुला सांगतोय, कारण तुला रूम शोधावी लागेल."

मी बूट हातात धरून बसले ती बसलेच. आता हिवाळ्याच्या तोंडावर मला घर सोडावं लागणार होतं, आणि त्याचा मला राग यायला हवा होता. आज कॉव्हेंट्रीत माझ्या स्वतःच्या घरात, पडदे ओढून बसले असतानाही ते शब्द जसेच्या तसे ऐकू येतात. धाकट्यालासुद्धा नाही. पहिलं मला.

"त्यांना सांगा आधी, काका," मी कशीबशी म्हणाले. "आत्ता सांगा."

ते एकदम चपापले. मग कोट चढवून घाईघाईने बाहेर पडले. मी जिना चढून बाथरूमच्या दाराच्या मुठीला हात लावला, आणि रस्त्यावरून, धाकट्यांच्या घराच्या दिशेने दूर जात असलेली त्यांची हाक ऐकू आली.

"पोरी, आधी सांगून ठेवतो! आज टबमध्ये दोन ओर्योल आहेत! दोन्हींचे दिवे लावलेत!"